पाठीवरचे मणके बोटांनी कसे मोजावेत

फोंडा, डिचोली किंवा पेडणे तालुक्यातल्या कोणत्याही घरात पाठदुखीचा विषय निघाला, की कपाटातून एक मोठे पाकीट बाहेर येते. त्यात एमआरआयच्या फिल्म असतात, सोबतच्या कागदावर ‘एल ४–एल ५’ असे काहीतरी लिहिलेले असते आणि घरातली माणसे त्या सगळ्याचा अर्थ ‘मणक्यात गॅप आहे’ एवढाच सांगतात. ती जागा पाठीवर दाखवा म्हटले, तर एकाचे बोट बरगड्यांखाली टेकते आणि दुसऱ्याचे थेट माकडहाडाजवळ जाते. फिजिओथेरपीच्या कामात हे मी रोज पाहते आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते, कारण ही हाडांची ओळ शिकायला प्रयोगशाळा लागत नाही, सांगाडाही लागत नाही. घरातले एक तयार माणूस, स्वच्छ उजेड आणि अर्धा-पाऊण तास एवढे पुरते.

पुढे सांगितलेली पद्धत एका नियमावर उभी आहे. मानेकडून खाली मोजत आलेला आकडा आणि कंबरेकडून वर मोजत गेलेला आकडा एकाच मणक्यावर भेटले, तरच मोजणी खरी धरावी. एकाच खुणेवर भिस्त ठेवून केलेली मोजणी अनुभवी हातांचीही चुकते; ती कशी चुकते, हे योग्य जागी येईलच.

बोटाला नेमके काय लागते

मोजणीला बसण्यापूर्वी एक तरी मणका डोळ्यांनी नीट पाहून घ्यावा, आणि त्यासाठी गोव्यातल्या स्वयंपाकघरासारखी सोयीची जागा नाही. इसवणाच्या (सुरमईच्या) तुकड्या घरी आल्या, की शेपटीकडची एक तुकडी हुमणात घालण्याआधी ताटलीत आडवी ठेवावी. (सोमवार पाळणाऱ्या घरांनी मंगळवारची वाट पाहावी.) मधोमध जे गोल हाड दिसते, ते मणक्याचे धड. त्याच्या वर, म्हणजे माशाच्या पाठीच्या बाजूला, हाडाची एक बारीक कमान असते आणि कमानीच्या छिद्रात पांढरट, मऊ ठिपका दिसतो. तीच माशाची मज्जारज्जू. कमानीच्या माथ्यावरून एक लांब काटा पाठीच्या दिशेने गेलेला असतो. माणसाच्या पाठीवरून बोट फिरवताना ओळीने जे उंचवटे लागतात, ती अशाच काट्यांची टोके होत, फक्त माणसात हा काटा आखूड आणि जाड असतो. शेपटीकडच्या तुकडीत धडाच्या खालीही एक कमान असते व तिच्यातून रक्तवाहिन्या जातात; ही दुसरी कमान माणसात नाही.

आता ते मधले हाड शेजारच्या हाडापासून वेगळे करून पाहावे. त्याच्या दोन्ही बाजू पेल्यासारख्या खोल असतात आणि त्या खळग्यात बुळबुळीत गर भरलेला असतो. मणके तयार होण्यापूर्वी गर्भाच्या पाठीत जी एक लवचिक दांडी असते, तिला पृष्ठरज्जू म्हणतात. हा गर म्हणजे तिचा अवशेष. माणसाच्या गर्भातही ही दांडी असते. मणक्यांची धडे बनू लागली, की त्यांच्या जागी ती नाहीशी होते आणि दोन धडांच्या मधल्या गादीच्या पोटात तेवढी शिल्लक राहते. ज्या गादीचा एमआरआयच्या कागदावर वारंवार उल्लेख येतो, तिच्यातला गर आणि इसवणाच्या मणक्यातला गर यांचे मूळ असे एकच आहे. हे प्रथम कळले, तेव्हा हातातले काम टाकून मी कितीतरी वेळ त्या तुकडीकडे पाहत राहिले होते.

माणसाचा मणका याच आराखड्यावर बांधलेला आहे. पुढे धड असते आणि ते वजन पेलते. धडाच्या मागून दोन आखूड खांब निघतात, खांबांना दोन चपट्या पट्ट्या जोडल्या जाऊन कमान पूर्ण होते, आणि अशा कमानी एकावर एक आल्या, की त्यांची जी नळी तयार होते तिच्यात मज्जारज्जू सुरक्षित राहते. कमानीवरून सात फाटे निघतात: मागे एक काटा, दोन बाजूंना दोन आडवे फाटे, आणि वर दोन व खाली दोन असे चार सांध्यांचे फाटे, ज्यांच्यामुळे एक मणका दुसऱ्यात अडकून राहतो. कोणत्या दिशेला किती हालचाल होईल, हे मुख्यतः या चार फाट्यांचा कल ठरवतो. कंबरेत त्यांचे पृष्ठभाग जवळजवळ पुढून मागे उभे असतात, म्हणून कंबर वाकते चांगली आणि वळते फारच थोडी. मागे वळून पाहताना जो पीळ पडतो, तो बहुतांशी छातीच्या मागच्या मणक्यांत व मानेत पडतो.

आपले बोट या सगळ्यांपैकी केवळ मागच्या काट्याच्या टोकापर्यंत पोचते. गादी असते पुढच्या धडांच्या मध्ये, म्हणजे मज्जारज्जूच्या नळीच्याही पलीकडे, त्यामुळे ‘सरकलेली गादी बोटाने दाबून जागेवर बसवली’ हा दावा रचनेच्या दृष्टीनेच टिकत नाही. गादी मुळात सरकतही नाही. तिच्या बाहेरच्या बाजूला तंतूंची एकात एक घट्ट बसलेली कडी असतात. ती झिजली किंवा फाटली, की आतला गर त्या वाटेने बाहेर येतो आणि शेजारच्या नसेला टेकतो. ‘गॅप’ या शब्दाचीही अशीच गत झाली आहे. ऐकणाऱ्याला वाटते, की दोन मणक्यांत फट पडली आहे. प्रत्यक्षात गादीतले पाणी कमी होऊन तिची उंची घटलेली असते, म्हणजे अंतर वाढलेले नसून कमी झालेले असते.

किती मणके आणि कसा बाक

जन्माच्या वेळी मणके साधारणतः ३३ असतात: मानेचे ७, छातीच्या मागचे १२, कंबरेचे ५, त्रिकास्थीचे (कंबरेच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाचे) ५ आणि माकडहाडाचे बहुधा ४. वयात येता येता त्रिकास्थीचे पाच एकमेकांत जुळून एक हाड बनते, माकडहाडाचे तुकडेही बहुतेक जुळतात आणि हलणारे मणके २४ उरतात. बोटांनी मोजायचे ते हेच. डॉक्टरांच्या कागदावर मानेच्या मणक्यांना सी, छातीच्या मणक्यांना टी (कधी डी), कंबरेच्या मणक्यांना एल आणि त्रिकास्थीला एस हे अक्षर लावून वरून खाली क्रमांक दिलेले असतात.

मंगेशीच्या देवळापुढची सात मजली दीपमाळ ज्याने पाहिली आहे, त्याला मानेचा आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही. दीपमाळेचा तळचा मजला रुंद आणि वरचा अरुंद का, याचे जे उत्तर आहे तेच मणक्यांचेही आहे: खालच्याला वरच्या सगळ्यांचा भार घ्यायचा असतो. म्हणून मानेचा मणका हातात घेतला तर नाजूक लागतो आणि कंबरेचा पाचवा सर्वांत दणकट असतो. कणा मात्र दीपमाळेसारखा सरळ नसतो. बाजूने पाहिल्यास मान पुढे बाकदार, छातीमागचा भाग मागे फुगलेला, कंबर पुन्हा पुढे आणि त्रिकास्थी पुन्हा मागे, अशी चार वळणे दिसतात. जन्मलेल्या बाळाची पाठ एकाच बाजूला, मागे, वळलेली असते. ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरू लागते तेव्हा मानेचे वळण आकार घेते आणि उभे राहून चालू लागते तेव्हा कंबरेचे. मुलांना ‘काठीसारखा ताठ बस’ असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. निरोगी कणा समोरून सरळ आणि बाजूने वळणदार असतो.

गाद्या २३ असतात. मानेच्या पहिल्या मणक्याच्या वर गादी नाही आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मध्येही नाही. दुसऱ्याच्या खालून त्या सुरू होतात आणि कंबरेचा पाचवा मणका व त्रिकास्थी यांच्यामधली गादी शेवटची. कण्याच्या एकूण लांबीचा सुमारे चौथा हिस्सा या गाद्यांचा असतो. दिवसभराच्या भाराने त्यांतले पाणी थोडे बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर परत येते, म्हणून माणूस सकाळपेक्षा संध्याकाळी सुमारे एक सेंटिमीटर, कधी थोडा अधिक, बुटका भरतो. घरातल्या भिंतीवर पेन्सिलीने खूण करून हे कोणालाही पडताळता येते.

तयारी

ज्यांची पाठ मोजायची, त्यांना आधी सगळे समजावून सांगून त्यांची परवानगी घ्यावी आणि पाठ जेवढी उघडी ठेवणे त्यांना पटेल, तेवढीच ठेवावी. पातळ सुती कपड्यावरूनही निम्मे काम होते. त्यांना पाठ नसलेल्या स्टुलावर बसवावे, पाय जमिनीला टेकलेले असावेत आणि हात सुरुवातीला बाजूंना सैल सोडलेले असावेत. आपल्याकडच्या दमट हवेत पाठीला घाम असतोच; तो टिपून घ्यावा, नाहीतर बोट घसरते आणि एखादा काटा सुटून जातो. खुणा करण्यासाठी ओले चंदनाचे गंध आणि एक काडी घ्यावी, कारण ते थंड लागते, डाग राहत नाही आणि चुकले तर ओल्या फडक्याने पुसता येते. शिंप्याची टेपही जवळ ठेवावी.

दाब किती द्यावा, हे अगदी सोपे आहे: स्वतःच्या पापणीवर जेवढा सहन होतो, त्याहून थोडासा अधिक. नुकतेच पडलेले किंवा अपघात झालेले माणूस, मणक्याची शस्त्रक्रिया झालेले माणूस आणि हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेली वृद्ध व्यक्ती यांच्यावर हा सराव करू नये.

वरून खाली: मान

डोक्याच्या मागे मधोमध एक हाडाचा उंचवटा असतो, तेथून बोट खाली आणावे. कवटी संपते आणि बोट एका मऊ खळगीत उतरते. मानेचा पहिला मणका या खळगीत खोलवर असतो, पण तो बोटाला लागत नाही, कारण त्याला काटाच नाही आणि धडही नाही. तो केवळ एक कडे आहे, ज्यावर कवटी टेकलेली असते. खळगीच्या खाली जे पहिले ठळक हाड लागते, तो दुसऱ्या मणक्याचा काटा. या दुसऱ्या मणक्यातून वर एक दातासारखा खुंटा निघतो आणि पहिल्या कड्याच्या आत बसतो. आपण ‘होय’ म्हणून मान हलवतो, तेव्हा मुख्यतः कवटी पहिल्या मणक्यावर डोलते. ‘नाही’ म्हणून हलवतो, तेव्हा कवटी आणि कडे मिळून त्या खुंट्याभोवती फिरतात. मानेच्या एकंदर वळण्यापैकी जवळजवळ निम्मे वळणे या एका सांध्यात होते. दुसऱ्या काट्यावर हलकेच बोट ठेवून समोरच्याला हळू मान वळवायला सांगावे, म्हणजे वरची कवटी किती फिरते आणि बोटाखालचे हाड त्या मानाने किती कमी फिरते, हे कळते.

तिसरा, चौथा आणि पाचवा हे काटे आखूड असतात, मानेच्या पुढच्या बाकात दडलेले असतात आणि त्यांच्यावर एक जाड बंध पसरलेला असतो. ते स्पष्ट लागले नाहीत तर निराश होऊ नये आणि अंदाजाने गंधाचे ठिपकेही देऊ नयेत. आपल्याला हवा आहे सातवा. समोरच्याने हनुवटी छातीकडे झुकवली, की मानेच्या तळाशी एक, कधी दोन, ठसठशीत उंचवटे वर येतात. दोन असल्यास एकेका उंचवट्यावर एकेक बोट ठेवावे आणि त्यांना डोके सावकाश मागे न्यायला सांगावे, चतुर्थीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना आपण वर पाहतो तसे. सहाव्याचा काटा या वेळी पुढे सरकून बोटाखालून निसटतो, सातव्याचा बहुधा जागेवर राहतो. काही जणांत सातव्यापेक्षा छातीच्या पहिल्या मणक्याचा काटा अधिक पुढे आलेला असतो, त्यामुळे सर्वांत मोठा उंचवटा म्हणजे सातवाच, असे समजू नये. निसटणारा शोधावा आणि त्याच्या लगेच खालचा सातवा धरावा. तेथे गंधाचा पहिला ठिपका द्यावा.

छातीमागचे बारा

येथे हात बाजूला सोडलेले असतानाच आणखी दोन खुणा करून ठेवाव्यात. खवाट्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर वरच्या बाजूस एक आडवी कड असते. तिचे कण्याकडचे टोक साधारणपणे तिसऱ्या काट्याच्या पातळीवर येते. त्याच हाडाचे खालचे टोक साधारणपणे सातव्याच्या पातळीवर येते. दोन्ही बाजूंची टोके जोडणारी रेघ कण्यावर जेथे मिळते, तेथे हलकीशी आडवी खूण करावी. ही खूण झाल्यावरच त्यांना हात छातीवर कवटाळून किंचित पुढे झुकायला सांगावे, म्हणजे खवाटे बाजूला सरकतात आणि काटे उघडे पडतात. क्रम उलटा केला, तर हातांबरोबर खवाटेही सरकलेले असतात आणि रेघ भलत्याच ठिकाणी जाते. सुरुवातीला माझ्याकडून ही चूक हमखास होत असे.

आता दोन बोटांची पद्धत. डाव्या हाताचे बोट मानेच्या सातव्यावर ठेवावे, उजव्याने खालचा काटा शोधावा, तो पक्का लागल्यावरच डावे बोट उचलून त्याच्याही खाली न्यावे. एक बोट नेहमी हाडावर राहिले पाहिजे. माडावर चढणारा पाडेली एक पाय पक्का रोवल्याशिवाय दुसरा उचलत नाही, तसेच हे. प्रत्येक काट्यावर ठिपका देत सात मोजावेत.

चौथ्यापासून नवव्यापर्यंत ही वाट अवघड होते. या भागातले काटे लांब असतात आणि कौलांसारखे एकावर एक खाली कललेले असतात, त्यामुळे दोन टोकांमधली फट बोटाला जेमतेम कळते आणि एखादा मणका नकळत ओलांडला जातो. या कलाचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे: बोटाला सातव्याच्या काट्याचे टोक लागते, तेव्हा त्याच्या थेट पुढे असते ते आठव्या मणक्याचे धड. कंबरेत असे होत नाही, कारण तेथील काटे रुंद, कुऱ्हाडीच्या पात्यासारखे आणि जवळजवळ आडवे असतात. बरगड्या मात्र छातीमागच्या बाराही मणक्यांना जोडलेल्या असतात. शेवटच्या दोन बरगड्या पुढे कशालाच न जोडता मध्येच संपतात.

खालून वर: कंबर

समोरच्याला उभे करावे. दोन्ही तळहात त्यांच्या कंबरेच्या बाजूंवर ठेवून खाली दाबत न्यावेत, म्हणजे कंबरेच्या हाडांच्या कडा लागतात. दोन्ही कडांचे सर्वांत उंच बिंदू जोडणारी रेघ बहुतेकांत चौथ्या कंबर-मणक्याच्या काट्यावरून किंवा चौथ्या-पाचव्याच्या मधून जाते. शंभराहून अधिक वर्षे डॉक्टर ही रेघ वापरत आले आहेत आणि फ्रेंच शल्यचिकित्सक तुफिए यांच्या नावाने ती ओळखली जाते.

ही रेघ इतकी जपून ठरवण्याचे कारण मज्जारज्जूत आहे. मोठ्या माणसात मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. ती साधारणपणे पहिल्या-दुसऱ्या कंबर-मणक्यापाशी संपते आणि तेथून खाली नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा झुबका पाण्यात तरंगत असतो. नवजात बाळात ती तिसऱ्यापर्यंत पोचलेली असते. सिझेरियनच्या वेळी कंबरेत दिलेले इंजेक्शन ज्या स्त्रियांना आठवत असेल, त्यांना ते तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये किंवा त्याखाली देण्याचा प्रयत्न का होतो, हे यावरून समजेल: त्या पातळीवर सुईसमोर रज्जू नसते, केवळ बाजूला सरकणाऱ्या नसा असतात.

आणि तरीही हात चुकतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भूलतज्ज्ञांना कंबरेतल्या मणक्यांची फट केवळ हाताने ओळखायला सांगितली आणि एमआरआयने पडताळणी केली; फक्त २९ टक्के वेळा उत्तर बरोबर निघाले आणि बहुतेक चुकांत खूण मानलेल्यापेक्षा वर पडली होती. यामागे एक साधे कारण आहे. कडेच्या हाडावर कातडी आणि चरबी असते, ती पुरेशी दबली नाही तर हात हाडाच्या वरच थांबतो आणि रेघ एक मणका वर सरकते. माझ्या आईच्या पाठीवर, घरच्या सोप्यावर बसून केलेल्या पहिल्या मोजणीत मी अशीच तिसऱ्याला चौथा ठरवून बसले होते. खालची दुसरी खूण पाहिली, तेव्हा ते उघड झाले.

ती दुसरी खूण म्हणजे कंबरेखालच्या दोन खळ्या. पुष्कळ जणांच्या कातडीवर त्या डोळ्यांना दिसतात; दिसत नसल्यास कंबरेच्या हाडाच्या कडेवरून अंगठे मागे आणि खाली न्यावेत, म्हणजे ते दोन टणक गुठळ्यांवर येऊन थांबतात. या दोहोंना जोडणारी रेघ त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्यावरून जाते. तेथून मधोमध वर सरकले, की त्रिकास्थीचा खडबडीत, न हलणारा पृष्ठभाग संपतो आणि एक खोलगट जागा लागते. तिच्या वरचा आखूड काटा हा पाचवा कंबर-मणका आणि त्याच्या वरचा रुंद काटा हा चौथा. कडांची रेघ आणि खळ्यांची रेघ अशा दोन्ही वाटांनी चौथा एकच आला, तर त्यावर ठिपका द्यावा आणि त्यांना पुन्हा बसवून दोन बोटांनी वर मोजू लागावे.

दोन मोजण्यांची भेट

चौथ्या कंबर-मणक्याला ‘एक’ म्हणावे. चारवर पहिला कंबर-मणका येतो, पाचवर छातीमागचा बारावा, आणि दहावर छातीमागचा सातवा. वरून येताना मानेच्या सातव्याच्या खालच्या काट्याला ‘एक’ म्हटले होते, तेव्हा तोच मणका सातवर आला होता. वरचे सात आणि खालचे दहा एकाच ठिपक्यावर आले आणि खवाट्याच्या टोकांची खूणही त्याच्या आसपास असली, तर मोजणी जमली.

पहिल्या प्रयत्नात ती बहुधा जमत नाही. एका मणक्याचा फरक पडला, तर गंध पुसून आधी मानेचा सातवा पुन्हा तपासावा, मग कललेल्या काट्यांच्या भागात काही सुटले का ते पाहावे, आणि शेवटी कंबरेची रेघ अधिक दाब देऊन पुन्हा घ्यावी. तिन्ही करूनही फरक राहिला, तर पाठच वेगळी असण्याची शक्यता उरते. काही लोकांत पाचवा कंबर-मणका त्रिकास्थीला जुळलेला असतो, काहींत त्रिकास्थीचा पहिला सुटा राहून कंबरेचे सहा भासतात. त्यांना त्याचा त्रास असतोच असे नाही, परंतु शस्त्रक्रियेच्या वेळी मणका चुकू नये म्हणून ही गोष्ट एक्स-रेवर पाहून नोंदलेली असणे महत्त्वाचे असते.

कागदावरचे ‘एल ४–एल ५’

आता पाकिटातला कागद उघडावा. ‘एल ४–एल ५’ म्हणजे आपण ठिपका दिलेला चौथा आणि त्याखालचा पाचवा यांच्या धडांमधली गादी. कंबरेत गर बाहेर येण्याचे बहुतेक प्रकार या गादीत किंवा तिच्या खालच्या, पाचव्या आणि त्रिकास्थीच्या मधल्या गादीत होतात. येथे क्रमांकांचा एक गुंता असतो. कण्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात. मानेत मणके सात पण नसा आठ, कारण तेथील पहिल्या सात नसा आपापल्या मणक्याच्या वरून निघतात आणि आठवी सातव्याच्या खालून. त्यापुढे प्रत्येक नस आपल्या मणक्याच्या खालून निघते. कंबरेत चौथी नस गादीच्या पातळीआधीच बाहेर पडून गेलेली असते, म्हणून चौथ्या-पाचव्यामधल्या गादीचा गर बहुधा पाचव्या नसेला दाबतो. त्या नसेची कळ मांडीच्या व पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर जाते आणि पायाचा अंगठा वर उचलण्याचा जोर कमी होऊ शकतो. दुखणे कंबरेचे आणि कमजोरी अंगठ्यात, हे कोडे असे सुटते.

अहवालातला प्रत्येक शब्द म्हणजे आजार, असे मात्र समजू नये. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या एकत्र करणारा एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ९६ टक्के लोकांच्या गाद्यांत झिजेची चिन्हे आढळली होती. केस पांढरे होतात तसे हे बरेचसे वयाचे लक्षण असते, आणि फिल्म पाहून घाबरलेल्या माणसाला ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी.

थांबायचे नाही असा एक प्रसंग मात्र आहे. पाठदुखीबरोबर लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, शौचाचे भान राहिले नाही, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पायांतले बळ झपाट्याने गेले, तर नसांचा तो घोड्याच्या शेपटीसारखा झुबकाच दबत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात जावे. माडावरून किंवा दुचाकीवरून पडलेल्या माणसाला हातापायांना धरून उचलून गाडीत घालू नये. मोडलेल्या मणक्याचा तुकडा रज्जूत शिरण्याची भीती त्याच क्षणी सर्वाधिक असते. डोके, मान आणि धड एका रेषेत स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा.

टेपने मोजायची एक गोष्ट

मणके ओळखता आले, की कंबर किती उलगडते हे मोजता येते. त्यांना सरळ उभे करून खळ्यांच्या रेघेवर मधोमध एक ठिपका द्यावा आणि तेथून कण्यावरून वर बरोबर १० सेंटिमीटरवर दुसरा. मग गुडघे न वाकवता, लावणीच्या वेळी शेतात वाकतात तसे, जमेल तेवढे पुढे वाकायला सांगावे आणि टेप कातडीला चिकटती ठेवून त्याच दोन ठिपक्यांमधले अंतर पुन्हा घ्यावे. काटे एकमेकांपासून दूर जात असल्यामुळे ते वाढते. निरोगी तरुण कंबरेत ते १५ सेंटिमीटरच्या आसपास पोचते. वाकणे खूप दिसते, पण ठिपक्यांमधले अंतर वाढत नाही, असे आढळले, तर वाकणे खुब्यांतून होत आहे आणि कंबरेचे मणके आखडलेले आहेत. त्यातही माणूस चाळिशीच्या आतले असेल, पाठ पहाटे दुखत असेल आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, तर सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. मोजलेला आकडा तारीख आणि वेळेसह वहीत लिहावा, आणि पुढच्या वेळी दिवसाच्या त्याच प्रहरी मोजावे, कारण सकाळची पाठ आणि संध्याकाळची पाठ सारखी वाकत नाही.